नोनिअसची अंगठी

ख्रिस्तपूर्व ४३ साल संपत आलें असतां रोम शहराच्या भर चौकांत कांहीं पाट्या लागल्या. पाट्यांवर नांवें होतीं. ज्यूलिअस सीझरच्या वधाला पावणेदोन वर्षें होत आलीं होतीं. त्याच्या मागें राहिलेल्या तिघांनीं, म्हणजे मार्क अँटनी, ऑक्टेव्हिअन आणि लेपिडस यांनीं, आपसांतलें वैर तात्पुरतें मिटवून राज्य वांटून घेतलें होतें. फौजेचा पगार भागवावयास पैसा हवा होता आणि जुने दावेहि साधावयाचे होते. पाटीवर ज्याचें नांव लागे त्याचें शीर आणून देणारास बक्षीस मिळे, त्याची जिंदगी जप्त होई, आणि त्याला घरांत लपविणाराचीहि तीच गत होई. सिसेरोसारखा वक्ता या पाटीपायीं ७ डिसेंबर रोजीं मारला गेला. त्यानें अँटनीवर जहरी भाषणें केलीं होतीं, तेव्हां त्याचें नांव तेथें असणें ओघानेंच आलें. परंतु अँटनीच्या यादींत नोनिअस नांवाचाहि एक सिनेटर होता, आणि त्याचा अपराध अगदींच निराळा होता. त्याच्या अंगठींत एक ओपल बसविलेला होता.

ही हकीकत थोरला प्लिनी सांगतो. व्हेसुव्हिअसचा उद्रेक पाहावयास आणि माणसें वांचवावयास गेला असतां इ. स. ७९ मध्यें जो मरण पावला तोच हा प्लिनी. त्याच्या सृष्टिज्ञानाच्या अवाढव्य ग्रंथाचा सदतिसावा आणि शेवटचा भाग रत्नांना वाहिलेला आहे, आणि त्यांत नोनिअसची गोष्ट अवघ्या चार-दोन वाक्यांत येते. नोनिअसचा नातू पुढें रोमचा कन्सल झाला, त्याला प्लिनीच्या पिढीनें पाहिलें होतें. म्हणजे गोष्ट अगदींच हवेंतली नव्हे. खडा हेझलच्या बीएवढा होता. आपल्याकडील लहानशी सुपारी डोळ्यांसमोर आणली म्हणजे झालें. अंगठीची किंमत वीस लक्ष सेस्टर्स. हा आंकडा नुसता ऐकून कांहींच बोध होत नाहीं. त्या काळीं रोमन शिपायाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्स होता, म्हणजे या एका खड्याच्या मोलांत दोन हजारांवर शिपाई वर्षभर पोसले गेले असते. पुढें ऑगस्टसनें सिनेटर होणाराजवळ दहा लक्षांची मालमत्ता असलीच पाहिजे असा दंडक घातला. त्या मापानें पाहिलें तर नोनिअस दोन सिनेटरांची ऐपत एका बोटांत घालून रोममध्यें हिंडत होता.

अँटनीला ही अंगठी क्लिओपात्रासाठीं हवी होती, असें पुढच्या काळांतल्या पुष्कळ पुस्तकांत रंगवून सांगितलेलें आढळतें. प्लिनी तसें कोठेंच म्हणत नाहीं. अँटनी आणि क्लिओपात्रा यांची टार्सस येथील प्रसिद्ध भेट ख्रिस्तपूर्व ४१ मधली, म्हणजे पाट्या लागल्या त्यानंतरची. एखाद्या पुरुषाला मौल्यवान खडा हवासा वाटला कीं त्याच्यामागें एक स्त्री उभी करावयाची ही कथालेखकांची जुनी खोड आहे. अँटनीला तो खडा स्वतःसाठींच हवा असणें मुळींच अशक्य नव्हतें.

नांव पाटीवर लागतांच नोनिअस पळाला. घर, जमिनी, गुलाम, सोनें-नाणें, सारें त्यानें मागें टाकलें आणि सगळ्या वैभवापैकीं एकच वस्तु बरोबर घेतली. ती म्हणजे अंगठी.

येथें प्लिनी थांबून दोघांनाहि दोष देतो. एका खड्यासाठीं माणसाला देशोधडीस लावणारा अँटनी क्रूर खरा. परंतु ज्या वस्तूनें आपला घात केला तिलाच कवटाळून बसणारा नोनिअस हट्टीपणांत त्याच्यापेक्षां कमी नाहीं, असा प्लिनीचा निवाडा आहे. रानटी जनावरेंसुद्धां शहाणीं, असें तो सुचवितो. आपल्या ज्या अवयवासाठीं शिकारी पाठीस लागला आहे तो अवयव स्वतःच चावून तोडून टाकावा आणि जीव वांचवावा, हें त्यांनाहि समजतें. बीव्हर नांवाचा प्राणी असें करतो अशी त्या काळची समजूत होती. बीव्हर बिचारा असें कांहीं करीत नाहीं, हें आतां सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्लिनीच्या दाखल्यांतील खरी अडचण प्राणिशास्त्राची नव्हे. तोडून टाकलेला अवयव हा जनावराला नुसता अवयव असतो. नोनिअसला अंगठी केवळ मालमत्ता वाटत असती तर त्यानें ती आनंदानें अँटनीच्या पायांशीं ठेवली असती. मालमत्ता तर त्यानें तशीहि सोडलीच होती. मग जें सुटेना तें काय होतें?

या प्रश्नाचें उत्तर खड्यांतच शोधावें लागतें. माणिक लाल असतें आणि लालच राहतें. पाचू हिरवा असतो. हिऱ्याला स्वतःचा रंग बहुधा नसतो, पण त्याचें तेज ठरलेलें असतें. कारागिरानें पैलू पाडले कीं तें त्या पैलूंच्या ताब्यांत आलें. ओपलाची गोष्ट वेगळी. हातांत धरला तर अंगचा रंग दुधासारखा, किंवा करडा, किंवा काळसर. आणि त्या अंगाच्या आंत कोठें तरी ठिणग्या. मनगट किंचित् वळलें कीं तांबडी ठिणगी हिरवी होते, हिरवी निळी होते, निळी विझते, आणि जेथें कांहींच नव्हतें तेथें नारिंगी पट्टा पेटतो. पारव्याच्या मानेवर, मोराच्या पिसांत, पावसाळ्यांत रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर जो चंचल रंग दिसतो त्याच जातीचा हा रंग आहे. पण तवंग वाहून जातो आणि पारवा उडून जातो. ओपल मुठींत राहतो. चंचल वस्तु मुठींत मिळणें, हें या खड्याचें खरें आमिष आहे. माणिकाचा धनी माणकाला एकदां नीट पाहून पेटींत ठेवूं शकतो. ओपलाच्या धन्याला पाहणें कधीं संपवितां येत नाहीं. काल सायंकाळीं खिडकीपाशीं जो लाल डाग दिसला होता तो आज सकाळीं शोधूनहि सांपडत नाहीं, आणि मग तो दिसेपर्यंत चैन पडत नाहीं.

हे रंग येतात कोठून, याचा उलगडा होण्यास १९६४ साल उजाडावें लागलें. प्लिनीपासून पुढें शेंकडों वर्षें विद्वानांनीं नाना तर्क लढविले. खड्यांत बारीक भेगा असतील, पातळ पापुद्रे असतील, असें कोणी कोणी म्हटलें. अखेर ऑस्ट्रेलियांतील शास्त्रीय संशोधनाच्या राष्ट्रीय संस्थेंत सँडर्स या शास्त्रज्ञानें ओपल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवून पाहिला. वाळूंत आणि गारेंत जें द्रव्य असतें तेंच, म्हणजे सिलिका, ओपलांत असतें. त्याच्या जोडीला थोडें पाणी, साधारणतः शेंकडा तीन ते दहा. लक्षावधि वर्षांपूर्वीं पावसाचें पाणी खडकांतून झिरपतांना सिलिका विरघळवून घेऊन गेलें, खालच्या फटींत आणि पोकळ्यांत सांचलें, आणि हळूहळू आटत गेलें. आटतां आटतां सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे बनून तळाशीं बसले. सूक्ष्म म्हणजे किती? एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग कल्पिले तर त्यांपैकीं दीडशें ते तीनशें भागांएवढा एकेक गोळा. किराणा दुकानांत मोसंब्यांची रास जशी थरावर थर रचून लावलेली असते तसे हे गोळे रचलेले सँडर्सला दिसले. सगळे गोळे एका मापाचे असतील आणि रचना बिनचूक असेल, तर त्यांच्यामधील जागा पांढऱ्या उजेडाला फोडून त्याचे रंग वेगळे करतात. लहान गोळ्यांतून जांभळा आणि निळा एवढाच निघतो. तांबड्यासाठीं मोठे गोळे लागतात. म्हणूनच तांबडा रंग दुर्मिळ, आणि म्हणूनच तो महाग.

याचा अर्थ असा कीं ओपलांत रंग नाहींच. खडा फोडून, दळून, गाळून पाहिला तरी त्यांत तांबडें, हिरवें असें कोणतेंहि द्रव्य सांपडावयाचें नाहीं. पांढरी भुकटी मात्र उरेल. रंग उजेडाचा, आणि तोहि पाहणाराचा डोळा ज्या कोनांत असेल त्या कोनापुरता. एकच ओपल दोघे शेजारीं शेजारीं बसून पाहत असले तरी दोघांना दिसणारा खडा एक नसतो. खाणींतील बहुतेक ओपलांत तर गोळे असतात पण लहानमोठे, वेडेवांकडे पडलेले. त्यांतून कोणताच रंग निघत नाहीं. ऑस्ट्रेलियांतले खाणकामगार अशा बिनरंगी ओपलाला पॉच म्हणतात आणि तो ढिगानें फेंकून देतात. द्रव्य तेंच, पाणी तेंच, मातीहि तीच, फरक शिस्तीचा.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे नोनिअसच्या पळण्यांतली एक विलक्षण गोष्ट लक्षांत येते. ज्याच्या शिरावर बक्षीस लागलें आहे तो भर दुपारीं हमरस्त्यानें चालत नाहीं. तो रात्रीं चालतो आणि दिवसां कोठें तरी तळघरांत, गवताच्या गंजींत, ओळखीच्या माणसाच्या माळ्यावर दडून राहतो. अंधारांत हिरा जसा निरुपयोगी तसाच ओपलहि. पण हिरा निदान कोणाला तरी विकून पोट भरतां येतें. नोनिअसची अंगठी सगळ्या रोमला माहीत होती. ती दाखवावी तर मरण, विकावी तर मरण, आणि पाहावी तर उजेड नाहीं. वीस लक्षांचा तो खडा त्याच्याजवळ होता एवढेंच. त्याहून अधिक त्याला त्याचा कांहीं उपयोग नव्हता. तो खडा आपल्या काळींहि अस्तित्वांत आहे, एवढें प्लिनी लिहितो.

भारतीय श्रोत्यांना या कथेंत आणखी एका कारणानें गोडी वाटावी. ओपल कोठून येतो, तर भारतांतून, आणि केवळ भारतांतूनच, असें प्लिनीनें निक्षून सांगितलें आहे. खड्याचें लॅटिन नांव ओपालुस. तें ग्रीकांच्या वाटेनें संस्कृत उपल या शब्दापासून आलें असावें असें सामान्यतः मानतात. उपल शब्द आपल्याला परका नाहीं; मात्र आपल्याकडे त्याचा अर्थ नुसता दगड, फार तर रत्न, एवढाच. आपल्या नवरत्नांत माणिक, मोतीं, पोवळें, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या हीं आहेत, ओपल नाहीं. रोममध्यें ज्यासाठीं माणसें परागंदा होत होतीं त्या खड्याला नांव आपलें मिळालें, आणि आपल्या रत्नपारख्यांनीं त्याला पंगतीला बसविलें नाहीं. प्लिनीचा समज बहुधा व्यापाऱ्यांनीं करून दिलेला असावा. रोमनांचा ओपल आजच्या पूर्व स्लोव्हाकियांतील डोंगरांतून येत असावा, असें आतां पुष्कळ जाणकार मानतात. प्लिनीनें ओपलाविषयीं दुसरीहि एक गोष्ट नोंदली आहे. कांचेंत ओपलाची जितकी हुबेहूब नक्कल होते तितकी दुसऱ्या कोणत्याहि खड्याची होत नाहीं, असें तो म्हणतो. आणि खरें-खोटें ओळखण्याची खूण म्हणून तो खडा चिमटींत धरून उन्हाकडे करावयास सांगतो. नकली असेल तर एकच रंग दिसतो, खरा असेल तर रंग पालटत राहतात. 

स्लोव्हाकियांतील दुबनिक येथील त्या खाणी पूर्वीं हंगेरीच्या राज्यांत मोडत आणि कित्येक शतकें युरोपला ओपल पुरवीत. तेथेंच अठराव्या शतकांत सांपडलेला, सुमारे ६०० ग्रॅम वजनाचा एक अखंड ओपल व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयांत आहे. खाणी १९२२ सालीं बंद झाल्या. पण त्याच्या आधींच ओपलाच्या अभिलाषेला दोन धक्के बसले होते. एक कादंबरीचा आणि दुसरा भूगोलाचा.

कादंबरी सर वॉल्टर स्कॉटची, १८२९ सालची, ‘अ‍ॅन ऑफ गाइअरस्टाइन’. तींत एक गूढ स्त्री केसांत ओपल घालते. तिच्या मनाचा रंग पालटेल तसा खड्याचा पालटतो. आणि एके दिवशीं त्यावर तीर्थाचे थेंब पडतांच खडा निस्तेज होतो आणि तिचाहि अंत ओढवतो. एवढ्यावरून ओपल अपशकुनी ठरला आणि त्याचा बाजार पडला, असें सांगतात. एका कादंबरीनें एवढें व्हावें हें कोणास अतिशयोक्त वाटेल. पण ज्या वस्तूचा रंग स्थिर नाहीं तिच्याविषयीं मनांत भीति बाळगावयास माणूस नेहमींच तयार असतो, त्याला निमित्त तेवढें हवें असतें. राणी व्हिक्टोरियाला मात्र ही भीति शिवली नाहीं. तिला ओपल फार आवडत आणि आपल्या मुलींना ती ते देत असे. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत हिंदुस्थानांतून आलेले दागिने पाहून प्रिन्स अल्बर्टनें तिच्यासाठीं मोगली कमानींच्या घडणीचा एक मुकुट कल्पिला आणि १८५३ सालीं तो घडवून घेतला. त्यांत त्यानें ओपल बसविले. घडण हिंदी, खडे हंगेरीच्या बाजूचे, आणि धनीण इंग्लंडची राणी. पुढें १९०२ सालीं राणी अलेक्झांड्रानें ते सर्व ओपल काढून त्या जागीं ब्रह्मदेशचे माणिक बसविले, कारण ओपल अशुभ. सासूची हौस सुनेनें उचकटून काढावी, हें राजवाड्यांतहि घडतें.

भूगोलाचा धक्का ऑस्ट्रेलियाचा. १८८९ सालीं अ‍ॅडलेडचा टली वॉलस्टन नांवाचा व्यापारी क्वीन्सलँडच्या ओसाड मुलखांतले ओपल घेऊन लंडनच्या जवाहिऱ्यांकडे गेला. त्यांचे रंग इतके भडक होते कीं जवाहिरे बिचकले. हंगेरीच्या मंद, दुधी ओपलाची संवय झालेल्या डोळ्यांना ही लाली आणि हा हिरवेपणा खोटा वाटला. त्याच वर्षीं न्यू साउथ वेल्समध्यें व्हाइट क्लिफ्स येथें कांगारूंच्या मागावर असलेल्या शिकाऱ्यांना ओपल सांपडला. पुढें १९०३ च्या सुमारास चार्ली नेटलटन नांवाचा एक खाणकरी लाइटनिंग रिज येथील काळे ओपल गिऱ्हाईक मिळावें म्हणून शेंकडों मैल पायपीट करीत व्हाइट क्लिफ्सला घेऊन गेला, कारण काळ्या ओपलाला तोंवर कोणी विचारीत नव्हतें. आज तोच काळा ओपल सर्वांत महाग आहे. पाठीमागें काळोख असल्याविना ठिणगी उठून दिसत नाहीं, हें व्यापाऱ्यांना कळावयास वेळ लागला.

दक्षिण ऑस्ट्रेलियांत १ फेब्रुवारी १९१५ रोजीं सोनें शोधावयास निघालेल्या टोळींतला विली हचिसन नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा पाण्याच्या शोधांत भटकत असतां जमिनीवर त्याला ओपलाचे तुकडे दिसले. तेथें आज कूबर पीडी हें गांव आहे. नांव तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेंतून आलें असून ‘गोऱ्या माणसाचें बीळ’ असा त्याचा अर्थ सांगतात, आणि तो सार्थहि आहे. उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो, म्हणून पुष्कळ लोक डोंगर पोखरून त्यांत राहतात. निजावयाच्या खोल्या, दुकानें, प्रार्थनामंदिरें, सारें जमिनीच्या पोटांत. आपल्या वेरूळ-अजिंठ्याचीं लेणीं भक्तीनें कोरलीं गेलीं. हीं लेणीं रंगाच्या हांवेनें कोरलीं गेलीं आणि मग त्यांत संसार थाटले गेले. या धंद्याचें वैशिष्ट्य असें कीं वरून कांहींहि कळत नाहीं. कोळशाची शीर असते, सोन्याच्या खुणा असतात. ओपल मात्र कोठें असेल याची खात्रीची खूण जमिनीवर दिसत नाहीं. खणावयाचें आणि पाहावयाचें. शेजारच्या खड्ड्यांत नशीब उघडतें आणि आपल्या खड्ड्यांत वर्षानुवर्षें पॉच निघतो. कोणी ढिगाऱ्यावर बसून टाकलेली माती चिवडीत राहतो, कारण दुसऱ्याच्या नजरेंतून एखादा तुकडा सुटला असेल. १९५६ सालीं याच परिसरांत सुमारे १७,००० कॅरट वजनाचा ओपल निघाला. त्या वर्षीं मेलबर्नला ऑलिंपिकचे सामने होते म्हणून त्याला ‘ऑलिंपिक ऑस्ट्रॅलिस’ असें नांव दिलें, आणि तो न कापतां तसाच ठेवला. १९९३ सालीं ऑस्ट्रेलियानें ओपलाला राष्ट्रीय रत्नाचा मान दिला.

आणि ज्यांना हा खडा हवा आहे पण परवडत नाहीं त्यांचें काय? त्यांच्यासाठीं बाजारानें सोय केलेली आहे. ओपलाची कागदासारखी पातळ चकती काळ्या दगडावर चिकटवितात. त्याला व्यापारी डब्लेट म्हणतात. वरून स्फटिकाची किंवा कांचेची टोपी बसविली कीं तो ट्रिप्लेट. समोरून पाहिलें तर हजारोंचा खडा. कडेनें पाहिलें तर थर दिसतात. अंगठीच्या कोंदणांत कड झांकलेली असते, म्हणून कोंदणांत बसलेला ओपल घेतांना शहाणा गिऱ्हाईक तो काढून दाखवावयास सांगतो. फ्रान्समध्यें पिअर गिल्सन यानें तर १९७४ च्या सुमारास गोळ्यांची ती रचना प्रयोगशाळेंतच साधली आणि कृत्रिम ओपल विकावयास काढला. प्लिनीची उन्हाची परीक्षा येथें निकामी ठरते, कारण या खड्यांतहि रंग पालटतात. २००८ सालीं इथिओपियाच्या वेलो भागांत मोठा सांठा सांपडल्यापासून ओपल पूर्वींपेक्षां पुष्कळ स्वस्त झाला आहे. त्यांतला बराच कच्चा माल पैलू आणि घाट देण्यासाठीं जयपूरला येतो. आज मुंबईच्या झवेरी बाजारांत ज्योतिषाच्या सांगण्यावरून शुक्रासाठीं, हिऱ्याऐवजीं, म्हणून जो पांढरा ओपल घेतला जातो तो पुष्कळदां याच वाटेनें आलेला असतो. नवरत्नांच्या पंगतींत ज्याला जागा नव्हती तो असा मागच्या दारानें आंत आला. त्याची निगा मात्र हिऱ्यासारखी चालत नाहीं. घरांतल्या धुळींत गारेचे जे कण असतात तेहि ओपलाहून कठीण. बोटांत घालून भांडीं घासलीं कीं वर्षभरांत खडा अंध होतो. कडक उन्हांत किंवा चुलीपाशीं राहून अंगचें पाणी आटलें तर त्याला तडे जातात. इथिओपियाचा ओपल पाणी शोषतो. ओला झाला कीं कांचेसारखा पारदर्शक होऊन त्याचे रंग दिसेनासे होतात, आणि वाळल्यावर, कांहीं दिवसांनीं, पुन्हां परततात. हौसेनें घेतलेली अंगठी पहिल्याच स्नानांत विझलेली पाहून दुकानदाराशीं भांडावयास जाणारीं गिऱ्हाइकें असतात तीं यामुळेंच.

खाणीच्या तोंडाशीं किंमत ठरते तेव्हां तिथें रोमन सिनेटर नसतो. टेबलावर पांढरें कापड, एका बाजूला घेणारा आणि दुसऱ्या बाजूला धुळीनें माखलेला विकणारा. घेणारा खडा चिमटींत धरून सर्व बाजूंनीं फिरवितो, खिडकीकडे नेतो, सावलींत आणतो, पुन्हां फिरवितो. दोघांनाहि ठाऊक असतें कीं खडा एखाद्या कोनांत झोपलेला सांपडला तर भाव उतरेल, म्हणून विकणारा तो ठेवतांनाच चांगली बाजू वर करून ठेवतो. लाइटनिंग रिज येथें १९१४ च्या सुमारास तिघा भागीदारांना २६३ कॅरटांचा एक काळा ओपल सांपडला. त्याच्या मध्यभागीं समोरून पाहिलें तर ज्वालेसारखा तांबडा रंग, किंचित् तिरपें पाहिलें तर तोच भाग हिरवा, आणि भोंवतीं निळ्या-हिरव्याची कड. पुढें तो ‘फ्लेम क्वीन’ या नांवानें जगांत प्रसिद्ध झाला. तिघांच्या घरीं त्या वेळीं खावयास नव्हतें. त्यांनीं तो ९३ पौंडांस विकला, पैसे तिघांत वांटून घेतले आणि शिधासामान भरलें.